यूएटीवरचा कॉलम कोणी बदलला? पोस्टग्रेसमधले इव्हेंट ट्रिगर आणि त्यांच्या मर्यादा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातली एक कंपनी, पोस्टग्रेस १५ (डेटाबेस सॉफ्टवेअर), डेव्ह (विकासाचा), यूएटी (वापरकर्त्यांच्या चाचणीचा) आणि प्रॉडक्शन (प्रत्यक्ष वापरातला) असे तीन डेटाबेस. बाणेरच्या ऑफिसातली टीम आणि हिंजवडीतल्या व्हेंडरची टीम असे दोन्हीकडचे लोक यूएटीवर थेट हात मारतात. एका सकाळी एका कॉलमचा टाइप बदललेला सापडला आणि कोणीच ‘मी केला’ म्हणायला तयार नाही. म्हणून प्रश्नकर्त्याने इव्हेंट ट्रिगर, म्हणजे डीडीएल (टेबल बनवणे, बदलणे, काढणे अशा रचनेच्या आज्ञा) चालले की आपोआप फंक्शन चालवणारी सोय, डीडीएल_कमांड_एंड या घटनेवर लावून एका टेबलात नोंदी सुरू केल्या. आता त्यांच्या तीन तक्रारी आहेत: ड्रॉप केलेली टेबले नोंदीत येत नाहीत, यूजरच्या कॉलममध्ये नेहमी ‘पोस्टग्रेस’च दिसतो, आणि टाइप ‘आधी काय होता’ ते कळत नाही. शिवाय हेच प्रॉडक्शनवर लावावे का, असेही विचारले आहे.

तिन्ही तक्रारींना उत्तर आहे. पण आधी हे ठरवा की तुम्हाला यातून नेमके काय हवे आहे, कारण ‘स्कीमा (डेटाबेसची रचना) ट्रॅक करायचा’ या एका वाक्यात तीन वेगळ्या गरजा दडलेल्या असतात. बदल कोणी, कधी, कुठून केला हे शोधणे ही पहिली. यूएटी आणि प्रॉडक्शन एकसारखे आहेत ना हे तपासणे ही दुसरी. आणि नको तो बदल होऊच न देणे ही तिसरी. इव्हेंट ट्रिगर पहिल्या गरजेला उत्तम आहे. तिसरीला कामचलाऊ आहे, आणि ते काम खरे तर परवानग्यांचे आहे. दुसरीला तो जवळजवळ निरुपयोगी आहे. तुमचा प्रश्न पहिल्या गरजेचा दिसतो, पण वर्णन वाचून मला वाटते की खरी डोकेदुखी दुसरी आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

ड्रॉपपासून सुरुवात करू. पोस्टग्रेसमध्ये ९.३ पासून इव्हेंट ट्रिगर आहेत. स्कीमाच्या दृष्टीने चार घटना कामाच्या: डीडीएल_कमांड_स्टार्ट, डीडीएल_कमांड_एंड, एसक्यूएल_ड्रॉप आणि ९.५ मध्ये आलेली टेबल_रीराइट (अख्खे टेबल परत लिहिले जाणे). (१७ मध्ये लॉगिनही आली, तिचा इथे संबंध नाही.) डीडीएल_कमांड_एंडमध्ये तुम्ही पीजी_इव्हेंट_ट्रिगर_डीडीएल_कमांड्स हे फंक्शन वाचता. त्यात तयार झालेल्या आणि बदललेल्या वस्तू येतात, गेलेल्या येत नाहीत. गेलेल्यांसाठी एसक्यूएल_ड्रॉपवर दुसरा ट्रिगर लावून पीजी_इव्हेंट_ट्रिगर_ड्रॉप्ड_ऑब्जेक्ट्स वाचावे लागते. म्हणजे एकाच लॉग टेबलात लिहिणारी दोन फंक्शने आणि दोन ट्रिगर. ‘ड्रॉप टेबल’ चालवल्यावर डीडीएल_कमांड_एंडही फायर होतो, पण वाचायला एकही रो मिळत नाही. त्यामुळे ट्रिगर बिघडलाय असे वाटते. तो बिघडलेला नाही.

एसक्यूएल_ड्रॉप चालतो तेव्हा वस्तू कॅटलॉगमधून (पोस्टग्रेसच्या स्वतःच्या नोंदींच्या टेबलांतून) आधीच गेलेली असते. ओआयडी (वस्तूचा अंतर्गत क्रमांक) हातात असला तरी त्यावरून कॉलम किंवा व्याख्या शोधता येत नाही. जे मिळते ते त्या फंक्शनच्या रोमधूनच: ऑब्जेक्ट_टाइप, स्कीमा_नेम, ऑब्जेक्ट_आयडेंटिटी आणि ‘ओरिजिनल’ नावाचा बूलियन. हा बूलियन जरूर साठवा. एक टेबल ड्रॉप केले की त्याच्या मागोमाग त्याचा रो-टाइप, ॲरे टाइप, इंडेक्स, कन्स्ट्रेंट, डिफॉल्ट, टोस्ट टेबल अशी वरात निघते, आणि कॅस्केड (‘अवलंबून असलेलेही काढा’) असेल तर अवलंबून असलेले व्ह्यूही. माणसाने नाव घेऊन जे उडवले तिथे ओरिजिनल खरा असतो, बाकीचे ओघाने गेलेले. रिपोर्टमध्ये फक्त ओरिजिनल दाखवा, पण साठवा सगळे. ‘ऑल्टर टेबल ड्रॉप कॉलम’लाही एसक्यूएल_ड्रॉप फायर होतो आणि ऑब्जेक्ट_टाइप ‘टेबल कॉलम’ असा येतो, हेही ध्यानात असू द्या.

उलट बाजूलाही एका आज्ञेच्या अनेक रो होतात. सीरियल कॉलम (आपोआप वाढणारा क्रमांक) आणि प्रायमरी की असलेले साधे टेबल बनवा, डीडीएल_कमांड्समध्ये चार रो दिसतील: सीक्वेन्स तयार, टेबल तयार, इंडेक्स तयार, सीक्वेन्स बदलला. म्हणून प्रत्येक रोबरोबर ट्रान्झॅक्शन आयडी ठेवा, म्हणजे नंतर गट पाडता येतात. वेळेसाठी नाऊ वापरू नका. तो ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतो, आणि वीस मिनिटांचे मायग्रेशन (रिलीझसोबतचे रचनेतले बदल) एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असेल तर सगळ्या रोंवर एकच वेळ पडते. क्लॉक_टाइमस्टॅम्प घ्या आणि कॉलम टाइमझोनसहितचा ठेवा. सर्व्हर यूटीसीवर असला की रात्री अकराची डिप्लॉयमेंट लॉगमध्ये साडेपाचची दिसते आणि मग दुपारच्या शिफ्टवर उगाच संशय जातो.

आता यूजर. तुमचे फंक्शन बहुधा सिक्युरिटी डिफायनर (मालकाच्या अधिकाराने चालणारे) आहे आणि त्यात करंट_यूजर लिहिला आहे. अशा फंक्शनच्या आत करंट_यूजर म्हणजे फंक्शनचा मालक, म्हणून नेहमी ‘पोस्टग्रेस’. तिथे सेशन_यूजर घ्या, तो प्रत्यक्ष लॉगिन केलेला रोल (डेटाबेसमधले खाते) देतो. कोणी सेट रोल करून (दुसरा रोल धारण करून) काम केले असेल तर तेही हवे म्हणून करंट_सेटिंगने ‘रोल’ ही सेटिंग वाचून वेगळ्या कॉलममध्ये टाका.

सिक्युरिटी डिफायनर काढून टाकायचा मोह होईल, तो आवरा. तो काढला तर डीडीएल चालवणाऱ्या प्रत्येकाला लॉग टेबलावर इन्सर्टची परवानगी द्यावी लागेल, आणि ज्याला दिली नाही त्याचे ‘क्रिएट टेबल’ परवानगीच्या एररने पडेल. पण तो ठेवताना दोन पथ्ये पाळा. फंक्शनवर सर्च_पाथ (नावे कोणत्या स्कीमात शोधायची ती यादी) बांधून टाका, पीजी_कॅटलॉग आणि शेवटी पीजी_टेम्प एवढाच, आणि लॉग टेबलाचे नाव त्याच्या स्कीमाच्या (इथे टेबलांच्या गटाच्या) नावासकट लिहा. आणि फंक्शनचा मालक सुपरयूजर ठेवू नका. इव्हेंट ट्रिगरचा मालक सुपरयूजर असावा लागतो, फंक्शनचा असायची गरज नाही. लॉगिन न करू शकणारा एक वेगळा रोल बनवा, त्याच्याकडे फक्त लॉग टेबल आणि हे फंक्शन. म्हणजे फंक्शनमध्ये काही चूक राहिली तरी नुकसान तेवढ्यापुरतेच.

पण एक गोष्ट ट्रिगर सोडवू शकत नाही. दोन्ही टीम एकाच लॉगिनने शिरत असतील तर सेशन_यूजरही एकच दिसणार. मग उरतात इनेट_क्लायंट_ॲड्र (क्लायंटचा पत्ता) आणि ॲप्लिकेशन_नेम (क्लायंट प्रोग्रामचे नाव). मध्ये पीजीबाउन्सर (कनेक्शन वाटून देणारा प्रोग्राम) असेल तर पत्ता त्याचाच येतो. ॲप्लिकेशन_नेम मात्र बऱ्यापैकी बोलके असते: पीएसक्यूएल ‘पीएसक्यूएल’ असेच लिहितो, डीबीव्हर आणि पीजीॲडमिन ही डेटाबेस हाताळायची टूलही आपापले नाव टाकतात, आणि जावाचा ड्रायव्हर काही सांगितले नाही तर ‘पोस्टग्रेसएसक्यूएल जेडीबीसी ड्रायव्हर’. मायग्रेशन टूलच्या कनेक्शन स्ट्रिंगमध्ये वेगळे ॲप्लिकेशन_नेम घातले की ‘रिलीझमधून आलेला बदल’ आणि ‘कोणीतरी डीबीव्हरमधून केलेला बदल’ लगेच वेगळे पडतात. हे नाव क्लायंट स्वतः ठरवतो, म्हणून तो पुरावा मानू नका. शोध कुठून सुरू करायचा हे कळण्यापुरते ते पुष्कळ आहे. वेगळी लॉगिन मात्र आज ना उद्या द्यावीच लागतील.

लॉग टेबल बनवताना हमखास होणारी एक गडबड म्हणजे ऑब्जेक्ट_आयडेंटिटी आणि ओआयडीवर नॉट नल लावणे. तुमच्या चाचणीत क्रिएट, ऑल्टर सगळे नीट चालेल. मग कोणीतरी ग्रँट देईल आणि ते एररने पडेल, कारण ग्रँट आणि रिव्होकसाठी (परवानगी देणे आणि काढणे) क्लासआयडी, ओआयडी, स्कीमा आणि आयडेंटिटी हे सगळे नलच येते. फक्त कमांड टॅग (आज्ञेचे नाव) आणि वस्तूचा प्रकार मिळतो, तोही मोठ्या अक्षरांत. म्हणजे कोणत्या टेबलावर ग्रँट दिली हे या फंक्शनमधून कळतच नाही, त्यासाठी क्वेरीचा मजकूर लागतो.

तो मजकूर करंट_क्वेरीने मिळतो, पण समजून वापरा. क्लायंटने एका फटक्यात पाठवलेला पूर्ण मजकूर तो देतो. पाच आज्ञा सेमीकोलनने जोडून एकत्र पाठवल्या तर पाचही नोंदींमध्ये तोच अख्खा मजकूर येईल. डू ब्लॉक (नाव नसलेला कोडचा तुकडा) किंवा फंक्शनमधून डीडीएल चालले तर बाहेरची हाक दिसेल, आतली आज्ञा दिसणार नाही. डीडीएल_कमांड्समध्ये ‘कमांड’ नावाचा एक कॉलम दिसतो, पण तो अंतर्गत रचनेचा आहे आणि सी भाषेतल्या एक्स्टेन्शनशिवाय वाचता येत नाही, त्याच्या नादी लागू नका. शिवाय मजकुरात पासवर्ड येऊ शकतो. रोल बनवण्यावर इव्हेंट ट्रिगर फायर होत नाही, पण परक्या सर्व्हरसाठी ‘क्रिएट यूजर मॅपिंग’वर होतो आणि त्यात पासवर्ड उघडा असतो. टॅगमध्ये ‘यूजर मॅपिंग’ किंवा ‘सबस्क्रिप्शन’ असेल तर मजकूर साठवू नका.

‘आधी काय होते’ हा तुमचा मूळ प्रश्न. इव्हेंट ट्रिगरकडे याचे थेट उत्तर नाही. टेबलवरच्या साध्या ट्रिगरमध्ये जसे ओल्ड आणि न्यू मिळतात तसे इथे काही मिळत नाही. डीडीएल_कमांड_स्टार्टमध्ये बघावे म्हटले तर तिथे फक्त टॅग कळतो, कोणते टेबल ते नाही. म्हणून मी दुसऱ्या टेबलात स्नॅपशॉट (त्या क्षणीची रचना) ठेवतो. ट्रिगर बसवताना सगळ्या टेबलांचा एक पायाभूत स्नॅपशॉट घ्यायचा, आणि नंतर डीडीएल_कमांड_एंडमध्ये ज्या टेबलाचा ओआयडी आला त्याचा नवा. मागचा आणि आताचा शेजारी ठेवले की फरक दिसतो.

स्नॅपशॉट म्हणजे पीजी_ॲट्रिब्यूटमधून त्या टेबलाचे कॉलम, ॲटनम (कॉलमचा क्रमांक) शून्याहून मोठा आणि ॲटइजड्रॉप्ड (कॉलम काढलाय का) खोटा असलेले: नाव, फॉरमॅट_टाइपने काढलेला पूर्ण टाइप, नॉट नल आणि पीजी_गेट_एक्स्प्रने काढलेला डिफॉल्ट. सोबत पीजी_गेट_कन्स्ट्रेंटडेफने कन्स्ट्रेंट. हे सगळे एका जेसनबी (किल्ली आणि मूल्य अशा जोड्या साठवणाऱ्या) कॉलममध्ये. फॉरमॅट_टाइपला टाइपमॉड (टाइपची लांबी वगैरे) द्यायला विसरू नका, नाहीतर व्हारचार ५० चा १०० झालेला कळणारच नाही. आणि जेसनबीची किल्ली कॉलमचे नाव न ठेवता ॲटनम ठेवा. रिनेम केले तरी ॲटनम बदलत नाही आणि ड्रॉप झालेल्या कॉलमचा ॲटनम परत वापरला जात नाही. त्यामुळे ‘मोबाइल’चे ‘मोबाइल_नं’ झाले तर ते रिनेम म्हणूनच दिसते. नावाने जुळवले असते तर एक कॉलम गेला आणि एक आला असे वाटले असते. रिनेमच्या वेळी ऑब्जेक्ट_टाइप ‘टेबल’ न येता ‘टेबल कॉलम’ येतो, फिल्टरमध्ये दोन्ही घ्या. फंक्शनसाठी पीजी_गेट_फंक्शनडेफ, व्ह्यूसाठी पीजी_गेट_व्ह्यूडेफ, इंडेक्ससाठी पीजी_गेट_इंडेक्सडेफ आहेत. फंक्शनडेफ ॲग्रिगेटवर एरर देतो, म्हणून तो फंक्शन आणि प्रोसीजर या दोनच प्रकारांना लावा.

आवाज, म्हणजे बिनकामाच्या नोंदी, कमी करणे हे कंटाळवाणे पण गरजेचे काम. टेम्प टेबले भरपूर वापरणारे ॲप्लिकेशन असेल तर लॉग दोन दिवसांत वाचण्याच्या पलीकडे जाईल. स्कीमा पीजी_टेम्प असलेले आणि ड्रॉपमध्ये इज_टेम्पररी असलेले रो वगळा. इन_एक्स्टेन्शन खरा असलेलेही वगळा, नाहीतर पोस्टजीआयएस (नकाशांच्या डेटाचे एक्स्टेन्शन) बसवताना शेकडो फंक्शनांच्या नोंदी होतील. ‘रिफ्रेश मटेरियलाइज्ड व्ह्यू’वरही इव्हेंट ट्रिगर फायर होतो, दर पंधरा मिनिटांनी जॉब असेल तर बघा. ट्रिगर बनवताना ‘व्हेन टॅग इन’ अशी यादी देता येते, पण ‘हे सोडून बाकी सगळे’ असे सांगता येत नाही. त्यामुळे टॅग वगळायचे असतील तर फंक्शनच्या पहिल्याच ओळीत टीजी_टॅग तपासून परत फिरा.

काय सुटते तेही माहीत हवे. इव्हेंट ट्रिगर एका डेटाबेसपुरता असतो. रोल, डेटाबेस, टेबलस्पेस, ऑल्टर सिस्टम या सामायिक गोष्टींवर तो चालत नाही. ट्रंकेटवर (टेबल एका झटक्यात रिकामे करणे) चालत नाही, त्याला टेबलवर स्टेटमेंट पातळीचा ट्रंकेट ट्रिगर लागतो. आणि नोंद त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये होत असल्याने रोलबॅक झाले की नोंदही गेली. कॅटलॉगशी लॉग जुळायला हे बरेच आहे, पण ‘कोणी प्रयत्न केला होता का’ हे कळणार नाही. म्हणून सर्व्हर लॉगमध्ये लॉग_स्टेटमेंट ‘डीडीएल’ वर ठेवाच, आणि प्रीफिक्समध्ये वेळ, यूजर, डेटाबेस, पत्ता, ॲप्लिकेशन घ्या. रोलबॅक झालेले आणि सामायिक वस्तूंवरचे डीडीएल तिथे सापडते. फंक्शनच्या आतले सापडत नाही, ते इव्हेंट ट्रिगरमध्ये सापडते. दोघे एकमेकांची भोके बुजवतात. शिवाय लॉग टेबल सुपरयूजर पुसू शकतो, सर्व्हर लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवलेला असेल तर ते अवघड जाते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस भारतात जपायचे आहेत. ते काम या टेबलावर न टाकता बाहेर गेलेल्या लॉगवर टाका.

प्रॉडक्शनवर लावावे का? लावा, पण फंक्शन पडले तर काय होईल हे आधी ठरवून. इव्हेंट ट्रिगरमध्ये एरर आला की डीडीएलही पडते. ऑडिटची सक्ती असेल तर हेच हवे. तुमच्या बाबतीत मी इन्सर्टभोवती एक्सेप्शन ब्लॉक घालून वॉर्निंग देईन आणि डीडीएल पुढे जाऊ देईन. इंडेक्स कॉन्करंटली (टेबलावरचे लिखाण न अडवता) बनवताना याचे महत्त्व जास्त, कारण ती आज्ञा अनेक ट्रान्झॅक्शनमध्ये चालते. शेवटी ट्रिगर पडला तर सगळे मागे फिरत नाही, अवैध इंडेक्स मागे राहू शकतो.

लॉकचा मुद्दा याहून वाईट आहे, आणि तो यूएटीवर कधीच दिसत नाही. समजा कोणी लॉग टेबल रिकामे करायला ट्रंकेट चालवले आणि ते ट्रान्झॅक्शन उघडेच राहिले. त्याच वेळी दुसऱ्याने ऑर्डर टेबलावर ऑल्टर चालवले. त्या ऑल्टरने ऑर्डर टेबलाचा ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक (वाचणेही अडवणारा) घेतला आहे आणि आता ट्रिगर लॉग टेबलासाठी थांबलाय. ऑर्डर टेबलावरची प्रत्येक सिलेक्ट त्याच्या मागे रांगेत. सिग्नल बंद पडलेल्या चौकासारखी अवस्था, आणि कारण एक लॉग टेबल. उपाय सोपे आहेत: सफाई नेहमी डिलीटने, थोडी थोडी, लॉग टेबलावर कामाच्या वेळी डीडीएल नाही, आणि फंक्शनवरच लॉक_टाइमआउट दोन सेकंद बांधून ठेवा, म्हणजे एक्सेप्शन ब्लॉक तो एरर पकडतो आणि ऑल्टर पुढे जाते. फंक्शनच्या आत कोणतेही डीडीएल करू नका, महिन्याचे पार्टिशन बनवणेसुद्धा नाही, ते पुन्हा तोच ट्रिगर चालवते.

बदल अडवायचे असतील तर एसक्यूएल_ड्रॉपमध्ये रेझ एक्सेप्शन करता येते (मुद्दाम एरर देऊन आज्ञा पाडणे), तिथे निदान नाव कळते. टेबल_रीराइट याहून उपयोगी वाटतो: इंटिजरचा बिगइंट करणारे ऑल्टर अख्खे टेबल परत लिहिते, व्हारचारची लांबी वाढवणारे लिहीत नाही. दिवसा मोठ्या टेबलाचे रीराइट अडवणारा छोटा ट्रिगर प्रॉडक्शनवर ठेवायला हरकत नाही.

आता ती दुसरी गरज. यूएटी आणि प्रॉडक्शन वेगळे पडलेत का, हे दोन लॉग शेजारी ठेवून कळत नाही. ओआयडी वेगळे, क्रम वेगळा, आणि यूएटीवर तीनदा बदलून परत मूळपदावर आणलेला कॉलम लॉगमध्ये तीन नोंदी दाखवेल, फरक मात्र शून्य. त्यासाठी रोज रात्री दोन्हीकडून पीजी_डंप (डेटाबेस फाइलमध्ये उतरवणारे टूल) फक्त स्कीमापुरता काढा, मालक आणि परवानग्या वगळून, आणि साध्या डिफने तुलना करा. फरक निघाला की कोणामुळे ते शोधायला इव्हेंट ट्रिगरचा लॉग उघडा. फ्लायवे किंवा लिक्विबेस ही मायग्रेशन टूल वापरत असाल तर त्यांच्या इतिहासाच्या टेबलाशी वेळ जुळवा. ज्या बदलाला तिथे जोडीदार नाही तो हाताने केलेला.

बसवताना क्रम असा ठेवा: आधी रोल, मग टेबले, मग फंक्शने, पायाभूत स्नॅपशॉट, आणि ट्रिगर सर्वांत शेवटी. ट्रिगर ‘एनेबल ऑलवेज’ करा, कारण साध्या अवस्थेत सेशन_रेप्लिकेशन_रोल ‘रेप्लिका’ केला की तो गप्प बसतो. मग कमी परवानगीच्या लॉगिनने, सुपरयूजरने नव्हे, एका ट्रान्झॅक्शनमध्ये चाचणी घ्या: टेबल बनवा, कॉलम वाढवा, रिनेम करा, टाइप बदला, ग्रँट द्या, कॉलम ड्रॉप करा, टेबलावर व्ह्यू बनवून ते टेबल कॅस्केडने ड्रॉप करा. त्या लॉगिनला लॉग वाचता येणार नाही, म्हणून कमिट करून दुसऱ्या सेशनमधून नोंदी पाहा. प्रत्येक पायरीची नोंद दिसली पाहिजे आणि सेशन_यूजर त्या लॉगिनचाच दिसला पाहिजे.

आणि काही फसलेच, डीडीएल चालेनासे झाले, तर घाबरू नका. इव्हेंट ट्रिगरवरच्या आज्ञांना इव्हेंट ट्रिगर लागू होत नाहीत. सुपरयूजरने शिरून ‘ऑल्टर इव्हेंट ट्रिगर’ आणि ‘डिसेबल’ एवढे केले की मोकळे. १७ वर गेल्यावर ‘इव्हेंट_ट्रिगर्स’ ही सेटिंग सेशनपुरती बंद करूनही काम भागते. डिसेबलची आज्ञा रनबुकमध्ये (अडचणीत काय करायचे त्या टिपणात) ट्रिगरच्या नावासकट लिहून ठेवा, कारण ती शोधायची वेळ रात्रीच्या रिलीझमध्येच येते.